अमेरिकी कंपन्यांचा औषधखर्च सांभाळणारं प्रमाणपत्र: त्यात नेमकं काय शिकावं लागतं

आपल्याकडे गोळ्यांच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते. दुकानदार त्यावर थोडीफार सूट देईल, पण त्याहून एक रुपया जास्त मागू शकत नाही. अमेरिकेत औषधाच्या बाटलीवर अशी किंमतच नसते. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, त्याच तीस गोळ्या घेऊन तीन गिऱ्हाइकं तीन वेगळे आकडे मोजून बाहेर पडतात. त्या तिघांच्या कंपन्यांनी त्याच गोळ्यांसाठी मागच्या दाराने किती भरले, ते आकडे आणखी वेगळे. हे आकडे कसे ठरतात, कुठे फुगतात आणि कंपनीने ते कसे तपासायचे, हे शिकवणारी व्यावसायिक प्रमाणपत्रं तिथे आहेत. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचं काम पाहणारे एचआरवाले, विमा ब्रोकर, कन्सल्टंट आणि फार्मासिस्ट ती घेतात. अमेरिकी विमा कंपन्यांचे क्लेम आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग सांभाळणारे पुण्या-नवी मुंबईतले अनेक जण रोज याच शब्दांशी झगडत असतात, त्यांनाही याचा थेट उपयोग आहे.

आधी पैसा कोणाचा ते पाहू. अमेरिकेत नोकरीतून मिळणारा आरोग्यविमा दोन प्रकारे चालतो. लहान कंपनी विमा कंपनीला हप्ता भरते आणि जोखीम तिच्यावर सोडते. मोठी कंपनी बहुतेक वेळा स्वतःच्याच तिजोरीतून कर्मचाऱ्यांचे दावे भागवते. विमा कंपनीचं नाव कार्डावर असतं, पण ती फक्त कागदपत्रं सांभाळते. याला सेल्फ-फंडेड योजना म्हणतात. केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक अशा योजनांत आहेत, आणि त्या वर्षी कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातला एक भाग कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जातो. म्हणून औषधखर्चात गळती झाली की ती शेवटी कामगाराच्या पगारपत्रकात उतरते.

औषधांचा हिशेब मात्र कंपनी स्वतः ठेवत नाही. त्यासाठी मध्ये पीबीएम असतो, म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर. दुकानांशी दर ठरवणं, कुठली औषधं योजनेत बसतात त्याची यादी करणं, उत्पादकाकडून सूट मिळवणं आणि प्रत्येक क्लेम मंजूर किंवा नामंजूर करणं ही त्याची कामं. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स हे तीन सगळ्यांत मोठे. फेडरल ट्रेड कमिशनच्या जुलै २०२४ च्या अंतरिम अहवालानुसार देशातल्या जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शनचे क्लेम या तिघांच्या हातून जातात. तिघांचीही स्वतःची टपालाने औषधं पाठवणारी दुकानं आहेत आणि तिन्ही गट एकेका बड्या आरोग्यविमा कंपनीशी जोडलेले आहेत. दर ठरवणारा, माल विकणारा आणि बिल तपासणारा एकाच घरातला असला की गिऱ्हाइकाला स्वतः हिशेब यावा लागतो. या प्रमाणपत्रांची गरज इथून सुरू होते.

परवाना, प्रमाणपत्र आणि हजेरीचा कागद

या तीन गोष्टींत लोक हमखास गोंधळतात. परवाना सरकार देतं. विमा विकणाऱ्या ब्रोकरला राज्याचा परवाना लागतो, फार्मासिस्टला लागतो. कंपनीच्या औषधयोजनेवर सल्ला देण्यासाठी वेगळा असा सरकारी परवाना नाही, त्यामुळे हे प्रमाणपत्र घेतलंच पाहिजे अशी सक्ती कोणावर नाही.

प्रमाणपत्रांतही दोन जाती आहेत. एकात शिकवणी पूर्ण केली की कागद मिळतो. दुसऱ्यात परीक्षा असते, नावापुढे अक्षरं लावता येतात आणि दर एक-दोन वर्षांनी ठरावीक तास शिकून ते नव्याने टिकवावं लागतं. कर्मचारी-लाभ या संपूर्ण क्षेत्राचं जुनं आणि वजनदार प्रमाणपत्र म्हणजे सीईबीएस. इंटरनॅशनल फाउंडेशन ऑफ एम्प्लॉयी बेनिफिट प्लॅन्स या संस्थेने व्हार्टन स्कूलच्या साथीने ते १९७६ मध्ये सुरू केलं. त्यात निवृत्तिवेतनापासून आरोग्यविम्यापर्यंत सगळं येतं, औषधयोजना हा त्यातला एक तुकडा. फार्मासिस्ट असाल तर अकॅडमी ऑफ मॅनेज्ड केअर फार्मसीचं प्रशिक्षण आणि रेसिडेन्सी हा वेगळा, जास्त खोल रस्ता आहे. फक्त औषधयोजनेवर भर देणारी, सीपीबीएससारख्या नावाची लहान प्रमाणपत्रं खासगी संस्था देतात. ती काही आठवड्यांत होतात.

लहान प्रमाणपत्र घेताना एक गोष्ट आधी विचारावी: शिकवणारी संस्था स्वतः पीबीएम चालवते का, किंवा कुठल्या पीबीएमकडून पैसे घेते का? तसं असेल तर अभ्यासक्रम वाईटच असेल असं नाही. खुद्द धंद्यातल्या माणसाला आतल्या वाटा जास्त ठाऊक असतात. पण स्वतःच्या व्यवसायाचा नमुना हाच एकमेव बरोबर नमुना, असा कल त्यात येतो, आणि विद्यार्थ्याला तो ओळखता यायला हवा. दुसरा प्रश्न: परीक्षेत खरा करार आणि खरा क्लेम-डेटा हाताळायला लावतात, की नुसते चार पर्यायांचे प्रश्न? माझ्या मते याच प्रश्नावर निवड करावी. व्याख्या पाठ करून या कामात काही हाती लागत नाही.

काउंटरवर घडणारी पाच सेकंदं

अभ्यासाची सुरुवात एका क्लेमपासून करावी. कर्मचारी दुकानात कार्ड देतो. त्यावर चार गोष्टी असतात: सहा आकडी बिन नंबर, पीसीएन, ग्रुप नंबर आणि सदस्याचा नंबर. पहिल्या दोघांवरून क्लेम कोणत्या पीबीएमच्या कोणत्या रांगेत जायचा ते ठरतं. दुकान औषधाचा अकरा आकडी एनडीसी नंबर, गोळ्यांची संख्या आणि किती दिवसांचा साठा हे भरतं, एनसीपीडीपी नावाच्या प्रमाण साच्यात संदेश जातो आणि काही सेकंदांत उत्तर येतं: मंजूर, गिऱ्हाइकाकडून इतके घ्या. किंवा नामंजूर, आणि सोबत एक कोड.

हे कोड तोंडपाठच हवेत. ६५ म्हणजे सदस्याचं नाव योजनेत सापडत नाही. ७० म्हणजे औषध यादीत नाही. ७५ म्हणजे आधी परवानगी घ्या. ७६ म्हणजे ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त मागितलं. ७९ म्हणजे आधीचा साठा संपायच्या आत पुन्हा आलात. ८८ म्हणजे दोन औषधांचा झगडा किंवा डोसबद्दल सुरक्षेचा इशारा. कर्मचारी चिडून एचआरला फोन करतो तेव्हा तो "विमा चालत नाही" एवढंच सांगतो. त्याला कोड विचारला की अर्धं काम होतं, कारण ६५ ची दुरुस्ती कंपनीच्या नोंदणी फाइलमध्ये आहे, ७५ ची डॉक्टरच्या दवाखान्यात आणि ७९ साठी बहुधा चार दिवस थांबणं पुरतं. ७९ चा हिशेब असा: ७५ टक्के साठा संपल्यावर पुढचा मिळेल असा नियम असेल तर तीस दिवसांच्या गोळ्यांसाठी तेविसाव्या दिवशी दार उघडतं.

किती घ्यायचे ते ठरवताना नीट लिहिलेल्या योजनेत तीन आकड्यांतला सगळ्यांत लहान निवडतात: ठरलेला कोपे (गिऱ्हाइकाने दर वेळी स्वतः भरायचा ठरावीक वाटा), करारातला दर आणि दुकानाचा रोख गिऱ्हाइकासाठीचा दर. गोळ्या रोखीने ४ डॉलरला मिळत असताना कर्मचाऱ्याकडून १० डॉलर कोपे घेतला जात असेल, तर ही तिपेडी तुलना योजनेत बसवलेलीच नाही असं समजावं. रोख दर स्वस्त आहे हे दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगू नये, अशी अट पूर्वी काही करारांत असायची. ऑक्टोबर २०१८ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी ती बंद केली.

किमतीचे चार शब्द

एडब्ल्यूपी म्हणजे सरासरी घाऊक किंमत. नाव ऐकून फसू नये, ही कुठल्याही खऱ्या व्यवहाराची सरासरी नाही. हा छापील आकडा आहे. ब्रँडेड औषधात तो बहुधा उत्पादकाच्या घाऊक यादीतल्या दराच्या १.२ पट असतो. त्या दराला डब्ल्यूएसी म्हणतात. मॅक म्हणजे जेनेरिकसाठी पीबीएमने स्वतः ठरवलेली कमाल किंमत. तिची यादी पीबीएमच करतो, पीबीएमच बदलतो, आणि दुकानासाठी एक, कंपनीसाठी दुसरी अशा दोन याद्या असू शकतात. चौथा शब्द नॅडॅक. दुकानांना औषध खरोखर कितीला पडतं याची पाहणी करून केंद्र सरकारची सीएमएस ही संस्था हा दर प्रसिद्ध करते. फाइल दर आठवड्याला ताजी होते आणि कोणालाही फुकट मिळते. शिकणाऱ्याच्या हाती याहून उपयोगी साधन नाही.

आता एक कल्पित उदाहरण. तीस गोळ्यांची एडब्ल्यूपी १५० डॉलर. करार म्हणतो, जेनेरिकवर ८५ टक्के सूट. ऐकायला भरघोस. कंपनीला बिल येतं २२.५० डॉलरचं. पीबीएम दुकानाला मॅक यादीप्रमाणे देतो ३.२० डॉलर. मधले १९.३० डॉलर पीबीएमकडे राहतात. वर्षाला असे दोन हजार क्लेम झाले तर ३८,६०० डॉलर, एकाच औषधावर. करार कुठेही मोडलेला नाही. याला स्प्रेड प्राइसिंग म्हणतात. ओहायो राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा एका वर्षाचा हिशेब तपासला तेव्हा हा फरक २२.४८ कोटी डॉलर निघाला आणि जेनेरिक औषधांवर तो सुमारे ३१ टक्के होता. ती योजना सरकारी होती, पण यंत्रणा तीच.

गोव्यात वेर्ण्याला सिप्ला आणि ल्युपिन यांचे कारखाने आहेत, अमेरिकेला जाणारी औषधं तिथे बनतात. अशा स्पर्धेतल्या जुन्या जेनेरिक गोळीला कारखान्याच्या दारात काही सेंट मिळतात. काउंटरवरच्या बिलातला मोठा वाटा वाटेत चढतो, आणि तो कुठे चढला हे शोधणं हेच या कामाचं कौशल्य.

स्प्रेडऐवजी पास-थ्रू करार घेता येतो: दुकानाला जितके दिले तितकेच कंपनीकडून घ्यायचे, आणि पीबीएमची फी वेगळी, उघड. हा चांगला पर्याय आहे. पण नुसता शब्द लिहून भागत नाही. टपालाच्या आणि स्पेशालिटी (गुंतागुंतीच्या आजारांवरची महागडी औषधं देणाऱ्या) दुकानाची मालकी पीबीएमकडेच असेल, तर दुकानाला दिलेली रक्कमच फुगवता येते आणि पास-थ्रूचं वचनही पाळलं जातं.

खरा खेळ व्याख्यांच्या पानावर

करार साठ-सत्तर पानांचा असतो आणि वाटाघाटी करणारे लोक दरांच्या तक्त्यावर तुटून पडतात. नजर ठेवायची ती व्याख्यांच्या पानावर. "जेनेरिक म्हणजे काय" या एका वाक्यात किती पैसा लपतो ते आकड्यांत पाहू. आकडे पुन्हा कल्पित आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, पीबीएमने करारात जेनेरिकवर वर्षाला सरासरी ८५ टक्के सुटीची हमी दिली आहे. एका योजनेत नेहमीच्या जेनेरिकची वर्षाची एडब्ल्यूपी १० लाख डॉलर आणि दिलेली रक्कम दीड लाख. म्हणजे बरोबर ८५ टक्के सूट, हमी पूर्ण. त्याच वर्षी बाजारात नव्याने आलेले काही जेनेरिक होते, प्रत्येकाचा उत्पादक एकच. स्पर्धा नसल्याने ते महाग असतात. त्यांची एडब्ल्यूपी २ लाख आणि दिलेले १ लाख २० हजार, म्हणजे सूट फक्त ४० टक्के. सगळं एकत्र मोजलं तर १२ लाखांवर २ लाख ७० हजार दिले, सूट ७७.५ टक्के. हमीप्रमाणे १ लाख ८० हजारच द्यायला हवे होते. पीबीएमने ९० हजार डॉलर परत करायला हवेत.

पण व्याख्येत लिहिलेलं असतं: एकाच उत्पादकाचा जेनेरिक हा ब्रँड समजावा. आता ते २ लाख ब्रँडच्या रकान्यात जातात. तिथे आधीच ५० लाखांच्या एडब्ल्यूपीवर १८ टक्के सूट होती, आणि हमी १८.५ टक्क्यांची, म्हणजे तिथेही पीबीएम कमी पडत होता. ४० टक्के सूटवाले क्लेम मिसळल्यावर ब्रँडची सरासरी १८.८५ वर चढते. दोन्ही हम्या पूर्ण झाल्याचा अहवाल येतो, ९० हजार गेले आणि ब्रँडमधली तूटही झाकली गेली. एका वाक्यामुळे.

म्हणून करारात जेनेरिक ठरवण्यासाठी फर्स्ट डेटाबँक किंवा मेडी-स्पॅन यांसारख्या तिसऱ्या पक्षाच्या औषधसूचीतला कोड वापरावा, पीबीएमचा स्वतःचा नियम नको. जोडीला आणखी एक वाक्य हवं: एका हमीतला फायदा दुसऱ्या हमीतल्या तुटीत वळवता येणार नाही. हे नसेल तर वर्षअखेर सगळं एकमेकांत वजा होऊन शून्य येतं.

"रिबेट" या शब्दाचंही असंच आहे. उत्पादक पीबीएमला यादीत जागा मिळण्याबद्दल सूट देतो, आणि करार म्हणतो रिबेटचे १०० टक्के कंपनीला. पण उत्पादकाकडून येणारी प्रशासकीय फी, डेटाची फी, किंमतवाढीपासून संरक्षणाची भरपाई हे सगळं रिबेटच्या व्याख्येबाहेर ठेवलं की शंभर टक्के हा शब्द पोकळ होतो. त्यात गेल्या काही वर्षांत तिन्ही मोठ्या गटांनी रिबेटच्या वाटाघाटी झिंक, असेंट आणि एमिसार या वेगळ्या कंपन्यांकडे दिल्या आहेत. पीबीएमला मिळालेले शंभर टक्के आणि उत्पादकाने दिलेले शंभर टक्के यांत या कंपनीचा वाटा मध्ये राहू शकतो. म्हणून "पीबीएम आणि त्याच्या सर्व संलग्न कंपन्यांना, कुठल्याही नावाने मिळालेली रक्कम" असं लिहून घ्यावं लागतं.

डेटाचा सराव: कुठे चुकतं

बारा महिन्यांचे क्लेम एक्सेलमध्ये घ्यायचे, एनडीसीवरून नॅडॅकच्या फाइलशी जुळवायचे, प्रत्येक ओळीत कंपनीने किती जास्त दिले ते काढायचं. सोपं वाटतं. पहिल्याच तासात तीन चुका होतात.

पहिली, एनडीसीची सुरुवातीची शून्यं. हा नंबर पाच-चार-दोन अशा तुकड्यांचा असतो आणि पार्क-डेव्हिसचा क्रमांक ०००७१, फायझरचा ०००६९ असा सुरू होतो. एक्सेल त्याला संख्या समजतं, पुढची शून्यं खातं, आणि हजारो ओळी "सापडलं नाही" म्हणतात. फाइल उघडण्याआधीच तो रकाना टेक्स्ट करून घ्यावा.

दुसरी, एकक. नॅडॅक दर एका गोळीचा, एका मिलिलिटरचा किंवा एका ग्रॅमचा असतो. इन्सुलिनच्या पाच पेनच्या खोक्यात १५ मिलिलिटर असतात. कोणी ५ लिहितं, कोणी १५. पाचाने गुणलं की योजना तिप्पट लुटली गेल्यासारखी दिसते आणि तुम्ही बैठकीत तोंडघशी पडता. कुठल्याही औषधात दर बरोबर तिप्पट किंवा दसपट दिसला तर आरोप करण्याआधी एकक पाहा.

तिसरी, रद्द झालेले क्लेम. गिऱ्हाईक औषध न्यायला आलंच नाही की दुकान क्लेम उलटवतं. मूळ ओळ बी१ आणि उलटवलेली बी२ म्हणून येते. दोन्ही काढल्या नाहीत तर खर्च दुप्पट किंवा ऋण दिसतो.

हे झाल्यावर जास्तीच्या रकमेप्रमाणे ओळी उतरत्या क्रमाने लावाव्यात आणि वरची पन्नास औषधं बघावीत. तिथे बहुधा स्पेशालिटी जेनेरिक सापडतात. फेडरल ट्रेड कमिशनच्या जानेवारी २०२५ च्या अहवालात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं: २०१७ ते २०२२ या काळात तीन बड्या पीबीएमच्या दुकानांनी अशा जेनेरिक औषधांवर नॅडॅकच्या वर ७.३ अब्ज डॉलरहून अधिक महसूल मिळवला. यादीत दुसऱ्या जातीची औषधंही दिसतील, दोन स्वस्त औषधं एका गोळीत घालून महाग केलेली. ड्युएक्सिस म्हणजे आयबुप्रोफेन आणि फॅमोटिडीन. दोन्ही वेगवेगळी घेतली तर महिना काही डॉलरांत भागतो, ब्रँडची एकत्र गोळी मात्र महिन्याला हजार डॉलरच्या वर गेलेली होती. अशी औषधं यादीतून काढल्याने कुठल्याही रुग्णाचं नुकसान होत नाही. खर्च कमी करायचा तर सुरुवात इथून करावी, आजारी माणसाच्या कोपेपासून नव्हे.

मोठा रिबेट कोणाच्या खिशातून येतो

समजा, एका आजारावर दोन सारखी औषधं आहेत. एकाची किंमत ५०० डॉलर, त्यावर रिबेट २५०. दुसऱ्याची १५० डॉलर, रिबेट शून्य. कंपनीला पहिलं २५० ला पडतं, दुसरं १५० ला. तरी रिबेटच्या हमीवर निवडलेल्या यादीत पहिलंच बसण्याची शक्यता मोठी. आणि कर्मचाऱ्याचं काय? त्याचा डिडक्टिबल (योजना पैसे देऊ लागण्याआधी वर्षात स्वतः मोजायची रक्कम) अजून संपला नसेल तर काउंटरवर पहिल्या औषधाचे जवळजवळ ५०० तो स्वतः मोजतो. रिबेटचे २५० काही महिन्यांनी कंपनीच्या खात्यात येतात. म्हणजे सगळ्यांत आजारी माणसाच्या खिशातून निघालेला पैसा सगळ्यांचा हप्ता कमी करायला वापरला जातो. विमा उलटा चालतो. रिबेट काउंटरवरच वजा करण्याची सोय मागता येते आणि मागावी.

बायोसिमिलरमध्ये, म्हणजे जैविक औषधांच्या जवळजवळ तशाच पर्यायांत, हा प्रकार उघड दिसला. ह्युमिरा या संधिवाताच्या औषधाला जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत पहिला बायोसिमिलर पर्याय आला, अॅमजेव्हिटा. उत्पादकाने त्याला एकाच वेळी दोन किमती लावल्या: एक ह्युमिरापेक्षा ५ टक्क्यांनी कमी, दुसरी ५५ टक्क्यांनी. महाग आवृत्ती कशाला? मोठा रिबेट द्यायला जागा हवी म्हणून. सीव्हीएस केअरमार्कने एप्रिल २०२४ पासून आपल्या मुख्य याद्यांतून ह्युमिरा काढलं, तेव्हा कुठे लोक वेगाने वळले.

डिडक्टिबलच्या बाबतीत एक सोय अनेक कंपन्या विसरतात. एचएसए (उपचारांसाठी करमुक्त बचतीचं) खातं जोडलेल्या योजनेत २०२५ साठी किमान डिडक्टिबल एका व्यक्तीला १,६५० डॉलर होता आणि तो संपेपर्यंत योजनेने पैसे द्यायचे नाहीत असा सर्वसाधारण नियम. पण कर विभागाच्या २०१९ च्या ४५ क्रमांकाच्या सूचनेनुसार मधुमेह्याला इन्सुलिन, दमेकऱ्याला इनहेलर अशी काही औषधं डिडक्टिबलच्या आधीही देता येतात. योजनेत ती यादी चालू करायला सांगावं लागतं, आपोआप होत नाही.

स्पेशालिटी औषधं दोन दारांनी येतात. स्वतः टोचायचं इंजेक्शन फार्मसीच्या क्लेमने, रुग्णालयात सलाइनमधून द्यायचं औषध वैद्यकीय बिलाने. वैद्यकीय बिलावर एनडीसीऐवजी जे-कोड चालतो. रेमिकेडचा जे१७४५ हा कोड १० मिलिग्रॅमचा आहे, म्हणजे १०० मिलिग्रॅमची कुपी दहा एककं. १०० लिहिलं की बिल दसपट. पीबीएमला हे बिल दिसत नाही, विमा प्रशासकाला औषधातलं बारकं कळत नाही, आणि चूक मधल्या फटीत राहते.

कायद्याची बाजू

१९७४ च्या एरिसा कायद्याप्रमाणे योजना चालवणारी कंपनी विश्वस्त ठरते. योजनेचा पैसा तिने सभासदांच्या हितासाठी, वाजवी दराने खर्च करायचा. २०२१ च्या कन्सॉलिडेटेड अॅप्रोप्रिएशन्स कायद्याने याला दात दिले. ब्रोकर-कन्सल्टंटने एक हजार डॉलर किंवा अधिक मिळणार असतील तर थेट आणि आडून येणारी सगळी रक्कम लेखी सांगायची. दर दाखवण्यावर बंदी घालणारी अट करारात नाही, अशी हमी दर ३१ डिसेंबरपर्यंत सरकारला द्यायची. औषधखर्चाचा अहवाल दर १ जूनपर्यंत भरायचा. पीबीएम हा अहवाल भरून देतो, जबाबदारी मात्र कंपनीचीच राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीवरच न्यू जर्सीच्या केंद्रीय न्यायालयात दावा केला. आरोप असा की टेरिफ्लुनोमाइडच्या ९० जेनेरिक गोळ्यांसाठी योजनेने दहा हजार डॉलरहून जास्त मोजले, त्या विम्याशिवाय शंभर डॉलरच्या आत मिळत होत्या. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने विश्वस्तपणाचे दावे फेटाळले, कारण त्या व्यक्तीचं स्वतःचं नुकसान पुरेसं दिसत नव्हतं. दर वाजवी होता की नाही यावर निकाल झाला नाही. तेव्हापासून कंपन्यांचे वकील बैठकीच्या इतिवृत्तात "दर कोणी, कधी, कशाशी ताडून पाहिले" हे लिहून ठेवायला सांगतात. प्रमाणपत्रधारकाला मागणी येते ती बरीचशी यामुळे.

पीबीएम बदलताना

करार बहुधा तीन वर्षांचा असतो. १ जानेवारीला नवा पीबीएम हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये निविदा काढावी. सगळ्या बोलीदारांना स्वतःच्या व्याख्या लिहून द्याव्यात आणि तेच क्लेम नव्या दराने मोजून मागावेत, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीची सूट दाखवतो. ऑगस्टपर्यंत सही व्हायला हवी. ऑडिटच्या कलमात हवा तो ऑडिटर निवडण्याचा हक्क आणि सगळे क्लेम तपासण्याचा हक्क असावा. दोनशे-तीनशे क्लेमचा नमुना दाखवून बोळवण करणारं कलम खोडून टाकावं.

मग फाइली. सभासदांची नोंदणी ८३४ नावाच्या साच्यात जाते. चालू असलेल्या परवानग्यांची फाइल, उरलेल्या रिफिलची फाइल आणि, बदल वर्षाच्या मध्यावर असेल तर, डिडक्टिबलमध्ये आतापर्यंत किती भरले त्याची फाइल, या तिन्ही जुन्या पीबीएमकडून मागवायच्या. तो त्या उशिरा देतो, म्हणून तारखा जुन्या कराराच्या समाप्तीच्या कलमातच लिहून ठेवलेल्या बऱ्या. स्पेशालिटी औषधांचे रिफिल बऱ्याचदा हस्तांतरित होत नाहीत, डॉक्टरकडून नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. त्या रुग्णांची यादी नोव्हेंबरमध्येच काढून प्रत्येकाला फोन करावा. कर्करोगाच्या गोळीत दहा दिवसांचा खंड पडणं आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीत पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कार्डं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घरी पोचलेली असावीत, आणि दुकानाला नवा बिन नंबर न देता जुनंच कार्ड पुढे करणारे लोक असणारच हे धरून चालावं. पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी नामंजूर क्लेमचा अहवाल कोडप्रमाणे मागवावा. ६५ चे ढीग दिसले तर नोंदणी फाइल अर्धवट चढली आहे. आधी परवानगी असलेल्या दहा जणांना ७५ आला असेल तर परवानग्यांची फाइल चढलेलीच नाही. अशा वेळी फाइल दुरुस्त होण्याची वाट पाहू नये. त्या दहा जणांना त्याच संध्याकाळी ओव्हरराइड (नियम बाजूला ठेवून हाताने दिलेली मंजुरी) द्यायला लावावं, म्हणजे औषध घेऊन ते घरी जातील. फाइल सकाळी बघता येते.